गाठीचा ताप आणि पेशीच्या दारावरची कडी

आमच्या बेळगाव-निपाणी भागातील जुन्या घरांतून काळ मोजण्याचे एक निराळेच कोष्टक होते. शके आणि इसवी सन ही कागदपत्रांची भाषा. माजघरातली भाषा वेगळी. थोरली आत्या "पहिल्या प्लेगातली", धाकटे काका "दुसऱ्या प्लेगातले", आणि अमक्याचे लग्न "गाव रानात होते तेव्हा" लागलेले. गाव रानात असणे म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते. घरात उंदीर मरून पडू लागले, की जाणती माणसे एक दिवसही दवडीत नसत. भांडीकुंडी, धान्याची पोती आणि गुरेढोरे घेऊन सारा गाव शिवारात जाई. ताटव्यांच्या आणि पाल्याच्या झोपड्या उभ्या राहत. तिथेच चुली पेटत, तिथेच बाळंतपणे होत, आणि महिनोन् महिने गावातल्या वाड्यांना कुलपे असत.

या आठवणी सांगणारी पिढी आता राहिली नाही. परंतु त्या सर्व कथांच्या शेवटी एक प्रश्न हटकून येत असे. एकाच झोपडीत, एकाच अंथरुणावर निजणाऱ्या दोघा भावांपैकी एकाला जांघेत गाठ आली आणि तो चार दिवसांत गेला. दुसरा त्याचीच सेवा करून ऐंशी वर्षे जगला. असे का व्हावे? आमच्या आज्या याचे उत्तर 'नशीब' या एका शब्दात देत. कोणी पूर्वकर्माचा हवाला देई, कोणी मरीआईच्या कोपाचा. या प्रश्नाचा एक लहानसा परंतु पक्का धागा विज्ञानाच्या हाती लागला तो २०१९ साली. त्याचीच कथा वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

साथ आली ती धान्याच्या वाटेने

मुंबईत मांडवी भागात १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी हे धान्याच्या वखारींचे ठिकाण. जिथे धान्य तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे त्यांच्या अंगावरच्या पिसवा. पोत्यांबरोबर आणि प्रवाशांच्या गाठोड्यांबरोबर साथ पुण्यास गेली, आणि मुंबई इलाख्याचा भाग असलेल्या आमच्या कर्नाटक पट्ट्यातही उतरली. बेळगावात १८९७-९८ मध्ये तिने पाय रोवले. त्यानंतर ती जात असे आणि परत येत असे.

पुण्यातील त्या दिवसांचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. रँडच्या कारकिर्दीत झालेल्या घरझडत्या, २२ जून १८९७ चा चापेकर बंधूंचा प्रतिकार, टिळकांनी उघडलेले हिंदू प्लेग रुग्णालय हे सर्व आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः उचलून आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले. तो मुलगा बरा झाला असे सांगतात; सावित्रीबाई मात्र १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. आमच्या झोपड्यांतला प्रश्न इथेही उभा राहतो: एक का वाचतो आणि दुसरा का जातो?

त्या काळी रोगाचे कारण नुकतेच उमगू लागले होते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे अलेक्झांडर यर्सिन यांनी शोधला. 'यर्सिनिया पेस्टिस' हे त्याचे नाव त्यांच्यावरूनच पडले. हा जंतू पिसवांच्या द्वारा उंदराकडून माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे हुबळी-धारवाडकडे ही लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. १८९६ पासूनच्या सुमारे चार दशकांत हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास माणसे या एका रोगाने दगावली.

या इतिहासात आमच्या बेळगावचे एक स्थान आहे, ते फारसे कोणास ठाऊक नाही. सरकारने नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने साथीच्या अभ्यासासाठी जी मोजकी गावे निवडली, त्यांत पुण्याबरोबर बेळगावही होते. आयोगाची १९०८-०९ सालची बेळगावातील निरीक्षणे इंग्लंडमधील 'जर्नल ऑफ हायजीन' या नियतकालिकात १९१० साली छापली गेली. उंदीर कधी पडतात आणि त्यानंतर माणसे कधी आजारी पडतात, याचा हिशेब अशा अभ्यासांतून शास्त्राला मिळाला. उंदीर पडताच गाव सोडणाऱ्या आमच्या खापरपणज्यांचा अंदाज किती अचूक होता, हे त्या हिशेबाने सिद्ध केले.

मुंबईचा उंदीर आणि मद्रासचा उंदीर

आयोगाच्या कामातून आणखी एक विलक्षण गोष्ट पुढे आली. मुंबईत वर्षानुवर्षे प्लेग होता. मद्रास शहर त्यातून बव्हंशी वाचले होते. दोन्हीकडचे रानटी उंदीर आणून त्यांना प्लेगचे जंतू टोचले, तेव्हा मद्रासचे उंदीर जवळजवळ सरसकट मेले आणि मुंबईचे पुष्कळसे जगले. पुढे १९३७ साली हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी आणि त्यांचे सहकारी चित्रे यांनीही भारतातील रानटी उंदरांच्या या प्रतिकारशक्तीवर लिहिले.

याचा अर्थ उघड होता. मुंबईत दरसाल साथ येई आणि दुबळे उंदीर मरून जात. ज्यांच्या शरीरात काहीतरी वेगळे होते तेवढेच उरत, आणि त्यांचीच प्रजा वाढे. शेतकरी बी निवडतो तशी निवड येथे मृत्यूने केली होती. प्लेगला बळी पडणे वा न पडणे हे काही अंशी जन्मतः ठरते, हे उंदरांच्या बाबतीत तेव्हाच ध्यानात आले. परंतु ते 'काहीतरी' म्हणजे नेमके काय, हे सांगण्याची साधने त्या पिढीजवळ नव्हती. जनुक कशाचे बनलेले असते, हेसुद्धा तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

पत्राच्या माथ्यावरचा श्रीकार

आता थोडे शरीरात डोकावू. आपल्या रक्तात तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या रखवालदार. त्यांच्यापैकी काही पेशींचे काम असे, की जंतूंनी कोठे शिरकाव केला की धावत तेथे जावयाचे आणि त्यांना गिळून टाकावयाचे. पण हा परका आणि हा आपला, हे त्यांना कळते कसे?

त्यासाठी प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट आकाराची प्रथिने रोवलेली असतात. त्यांना 'ग्राही' म्हणतात. बाहेरची खूण ग्रहण करून आत वर्दी देणारा तो ग्राही. एका विशिष्ट ग्राहीत एका विशिष्ट आकाराचीच वस्तू बसते, जशी कोयंड्यात त्याचीच कडी बसावी.

अशा ग्राहींपैकी एकाचे नाव 'एफ-पी-आर-१' असे आहे. त्याचे काम समजून घेण्यास आपल्या जुन्या पत्रांचे उदाहरण उपयोगी पडेल. पूर्वीच्या मोडी पत्रांच्या माथ्यावर श्रीकार असे. मजकूर कसलाही असो, आरंभ ठरलेला. जंतूही आपले प्रत्येक प्रथिन तयार करताना त्याचा आरंभ एका ठराविक रासायनिक खुणेने करतात. आपल्या पेशी आपली नित्याची प्रथिने घडविताना ही खूण वापरीत नाहीत. एफ-पी-आर-१ हा ग्राही नेमकी ती खूण ओळखतो. ज्या दिशेने ती खूण येते त्या दिशेने पांढरी पेशी सरकू लागते आणि जंतूंपर्यंत पोहोचते. इतकी ही सोयीची आणि भरवशाची व्यवस्था.

राखणदाराच्याच हाताला धरणारा चोर

पिसू चावते तेव्हा प्लेगचे जंतू कातडीखाली उतरतात, आणि तेथून जवळच्या रसग्रंथीकडे जातात. ती ग्रंथी सुजते, दगडासारखी होते. म्हणूनच आमच्याकडे या रोगाला 'गाठीचा ताप' हे नाव पडले. जंतू आले की पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि येथेच नवल घडते. रोगाला खाऊन टाकावयास आलेल्या पेशीच पटापट मरतात. ज्यांच्या भरवशावर वाडा निजलेला, ते राखणदारच देवडीवर पहिले पडावेत, तसा हा प्रकार.

हे कसे होते याचा अर्धा उलगडा पूर्वीच झाला होता. प्लेगच्या जंतूजवळ एक अतिसूक्ष्म पोकळ सुई असते. ती पेशीला लावून तो पेशीच्या पोटात विषारी प्रथिने सोडतो, आणि पेशीची हालचाल थांबते. सुईच्या टोकावर 'एल-सी-आर-व्ही' नावाच्या प्रथिनाची टोपी असते. परंतु शरीरातील असंख्य पेशी सोडून ही सुई मुख्यत्वे रखवालदार पेशींनाच कशी गाठते, तिला आधार कशाचा मिळतो, हे कोडे राहिले होते.

अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात ओलाफ श्नीविंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडे सोडविले. त्यांनी मानवी पांढऱ्या पेशींचा प्रयोगशाळेत वाढणारा एक वाण घेतला आणि जनुके कापण्याच्या 'क्रिस्पर' या तंत्राने त्यांतील पेशींची निरनिराळी जनुके निकामी केली. एकीचे हे, दुसरीचे ते. मग या साऱ्या पेशींवर प्लेगचे जंतू सोडले. बहुतेक पेशी मेल्या. ज्या वाचल्या त्यांच्यात कोणते जनुक निकामी झाले आहे हे पाहिले, तेव्हा बोट एफ-पी-आर-१ कडे वळले. जंतूंची चाहूल घेण्यासाठी पेशीने दारावर लावलेल्या त्याच ग्राहीला प्लेगची सुई पकडते. हे संशोधन २०१९ साली 'नेचर' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. दुर्दैवाने श्नीविंड त्याच वर्षी, ते छापून येण्यापूर्वीच निवर्तले.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. ज्या उंदरांत हा ग्राही मुळातच नव्हता, ते प्लेगच्या संसर्गातून अधिक संख्येने वाचले, आणि त्यांच्या रक्तात रोगाविरुद्ध संरक्षक प्रतिद्रव्येही तयार झाली. माणसांतही या ग्राहीचे जनुक सर्वांचे अगदी सारखे नसते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. या ग्राहीच्या माळेत साडेतीनशे मणी; त्यांपैकी १९० व्या स्थानी काही लोकांत आर्जिनीनऐवजी ट्रिप्टोफेन हा मणी असतो. एवढ्या एका मण्याच्या फरकाने सुईची पकड ढिली पडते. अशा व्यक्तींच्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत प्लेगच्या जंतूंपुढे अधिक तग धरून राहिल्या.

म्हणजे झोपडीतल्या त्या दोन भावांचे उत्तर सापडले काय? पूर्ण उत्तर सापडले असे म्हणणे घाईचे होईल. पिसू किती चावल्या, जंतू किती उतरले, अंगात ताकद किती होती, शुश्रूषा कशी झाली, अशा शेकडो गोष्टी जगण्यामरण्यात येतात. पण सख्ख्या भावांतही जनुकांचे वाटप सारखे होत नाही, आणि आईबापांकडून आलेला एखादा मणी एकाच्या वाट्यास येऊन दुसऱ्याच्या येत नाही, हे निश्चित. 'नशीब' या शब्दाचा एक कोपरा तरी आता उजेडात आला आहे.

दुसरी कडी, दुसरा रोग

ग्राहीची ही कथा प्लेगपुरती असती, तर तिला केवळ इतिहासाचे मोल राहिले असते. आमच्या सीमाभागाला मात्र तिच्या जुळ्या बहिणीशी अलीकडेच झुंजावे लागले आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून एचआयव्हीने सांगली, कोल्हापूर, बेळगाव, बागलकोट या पट्ट्यात फार घरे पोखरली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात बेळगाव जिल्हा अधिक प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांत गणला गेला होता.

हा विषाणूसुद्धा रखवालदार पेशींनाच गाठतो, आणि तोही ग्राहीच्या आधाराने. त्याला आत शिरण्यास दोन आधार लागतात. त्यांपैकी एक बहुधा 'सी-सी-आर-५' हा ग्राही असतो. १९९६ साली असे आढळले, की काही माणसांत या ग्राहीच्या जनुकातील ३२ अक्षरे गळालेली असतात. दोन्ही पालकांकडून असे जनुक आले, तर तो ग्राही पेशीच्या पृष्ठावर येतच नाही आणि एचआयव्हीच्या नेहमीच्या प्रकारांना दार मिळत नाही. बर्लिन येथे २००७ साली टिमोथी रे ब्राऊन या रुग्णाला रक्ताच्या कर्करोगासाठी अशाच दात्याच्या मूलपेशी दिल्या, आणि त्याचा एचआयव्हीही नाहीसा झाला.

हे गळालेल्या अक्षरांचे जनुक उत्तर युरोपात बऱ्यापैकी आढळते. आपल्या देशात ते अत्यंत विरळ आहे. युरोपात ते का टिकले असावे, यावर काही शास्त्रज्ञांनी १९९८ साली एक आकर्षक तर्क मांडला: मध्ययुगातील प्लेगमध्ये हे जनुक असलेली माणसे वाचली असतील! परंतु २००४ साली प्रयोग झाला, तेव्हा सी-सी-आर-५ नसलेल्या उंदरांना प्लेगपासून काहीच संरक्षण मिळाले नाही. तर्क सुंदर होता, पण कसोटीस उतरला नाही. प्लेगची कडी निराळी निघाली. वर्गात मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण आवर्जून सांगतो. एखादे उत्तर मनाला पटले म्हणजे ते खरे ठरत नाही. प्रयोगाने विचारल्यावर निसर्ग जे सांगेल तेच खरे.

रक्ताचा गर्व नको, रक्ताचा ठपकाही नको

या ज्ञानाचे सामान्य कुटुंबाने काय करावयाचे? मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली अशी, की 'आमचे रक्त भक्कम' हा अभिमान फोल आहे. अमुक घराण्यात, अमुक जातीत रोग शिरत नाही, अशी वाक्ये साथीच्या काळात आपण सर्वांनी ऐकली आहेत. एका रोगापासून वाचविणारा बदल दुसऱ्या रोगाला वाट करून देतो. एफ-पी-आर-१ नसलेले उंदीर लिस्टेरिया नावाच्या दुसऱ्या जंतूपुढे अधिक दुबळे ठरले. सी-सी-आर-५ नसलेल्या माणसांना 'वेस्ट नाईल' या तापाचा संसर्ग झाल्यास तो अधिक गंभीर होण्याची शक्यता वाढते. कडी काढून टाकली की चोराला धरावयास काही उरत नाही, तसेच पाहुण्याला वाजवावयासही काही उरत नाही. म्हणून निसर्गाने सर्वांना एका साच्यातून काढलेले नाही. माणसामाणसांतला हा फरक हेच समाजाचे चिलखत आहे: कोणतीही एक साथ सगळ्यांना सारखी मारू शकत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक जवळची आहे. जो आजारी पडला त्याच्यावर ठपका ठेवण्याची आपली सवय जुनी आहे. प्लेगात गेलेल्यांच्या घरांना वर्षानुवर्षे 'प्लेगाचे घर' म्हणत. शंभर वर्षांनी एचआयव्हीच्या वेळी तेच झाले. माझ्या नोकरीच्या काळात या भागातील एका शाळेत, आईवडील दोघेही या आजाराने गेलेली एक मुलगी आजीच्या आधाराने शिकत होती. स्वतः ती पूर्ण निरोगी होती. तरीही तिला वेगळ्या बाकावर बसवावे, तिच्या हातचे पाणी कोणी पिऊ नये, असा आग्रह काही पालकांनी धरला. शिक्षकांनी सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावून पालकांची सभा भरविली. एकाच ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने हा विषाणू जात नाही. त्याला लागणारी दारे रक्तात आणि शरीराच्या आत असतात, असे डॉक्टरांनी कन्नडात आणि मराठीत समजावून सांगितले. काहींना ते पटले, काहींनी आपली मुले काढून नेली. ती मुलगी मात्र आपल्याच बाकावर बसून सातवी उत्तीर्ण झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीची औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला, आणि अशा रुग्णांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. वेळेवर औषध घेणारा रुग्ण आज दीर्घायुष्य जगू शकतो. नियम झाले, औषधे आली. राहिले आहे ते शेजारधर्माचे काम.

प्लेगही अगदी संपलेला नाही. रानातल्या उंदरांत आणि खारींसारख्या प्राण्यांत तो जगाच्या काही भागांत टिकून आहे. आपल्याकडे १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत त्याच्या बातमीने हाहाकार उडाला, २००२ साली हिमाचल प्रदेशात त्याचे रुग्ण आढळले. उपचार न केल्यास गाठीच्या प्लेगात शंभरांतील तीस ते साठ रुग्ण दगावतात. तेच स्ट्रेप्टोमायसीन, जेंटामायसीन, डॉक्सीसायक्लीन यांसारखी औषधे लवकर मिळाली तर बहुतेक वाचतात. ग्राहीचा मणी कोणता आहे हे ठाऊक नसतानाही आपण वाचू शकतो, ते या औषधांमुळे आणि स्वच्छतेमुळे.

निपाणीचा रुग्ण आजही कधी कोल्हापूरला, कधी मिरजेला, कधी बेळगावला जातो. आजार दोन राज्यांची हद्द पाहत नाही, आणि आजाऱ्याला घेऊन धावणारी माणसेही ती पाहत नाहीत. ज्यांच्या घरांत साथीच्या आठवणी अजून शाबूत असतील, एखाद्या जुन्या वहीत झोपड्यांचा हिशेब असेल, टोचणीचा दाखला असेल, त्यांनी तो जपून ठेवावा. मुलांना दाखवावा, आणि त्याबरोबर हेही सांगावे, की त्या वेळी जे गेले ते पापी नव्हते आणि जे राहिले ते पुण्यवान होते म्हणून राहिले नाहीत. मागे राहिलेल्यांनी गेलेल्यांची मुले आपल्या झोपडीत घेतली आणि वाढविली. आपल्यापैकी कित्येकांची कुळे त्या झोपड्यांतूनच पुढे आली आहेत.